लोटू फिटर आणि कानबाईची पेटी

सुरतेजवळच्या कोसाडच्या आवासात, म्हणजे सरकारी घरांच्या वसाहतीत, ज्या घरी पंखा कुरकुरत असे, ते घर लोटू फिटरला चहाला बोलवायला कचरायचं. तो आला की आधी मान वर करणार, मग स्टुलावर चढणार, मग घरच्या कर्त्या माणसाचा उद्धार करणार, आणि तोवर चहा गार होणार. सैल काही दिसलं की त्याचं डोकं फिरे. नळाची तोटी, सायकलचं मडगार्ड, शाळेच्या फाटकाची बिजागरी, काही त्याच्या नजरेतून सुटत नसे. एकदा एका लग्नात नवरदेवाच्या खुर्चीचा पाय डुगडुगताना दिसला, तर त्याने आहेर थांबवून नवरदेवाला उभं केलं होतं. पाहुण्यांसमोर. वर मुलाच्या बापाला विचारलं, पोराला पाडायला आणलंय की परणायला?

सैल वस्तूपेक्षाही त्याला एका शब्दाचा राग होता. ‘चाली जशे’. सुरतेत हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतो. चालून जाईल, असू दे तसंच. शेठपासून हमालापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तो असतो, आणि आपली खानदेशी माणसं तर तो गुजरात्यांपेक्षा गोड म्हणतात. लोटूसमोर कुणी तो उच्चारला की संपलं. बत्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून तो बोलायचाही ओरडून, आणि चिडला की चार इमारतींपलीकडे कळायचं. एवढ्या बहिऱ्या माणसाला ‘चाली जशे’ मात्र कुजबुजलं तरी कसं ऐकू येतं, असं लोक हसत. हसण्यापलीकडे जाऊन त्याला ते विचारण्याची छाती कुणाची झाली नाही.

लोटू मूळचा शिंदखेड्याकडचा. सतराव्या वर्षी कडोदऱ्याला एका लूमच्या कारखान्यात लागला. आधी माग चालवला, मग माग दुरुस्त करणारा फिटर झाला. धाकट्या भावाला, भटूला, त्यानेच गावाहून आणून आपल्या नजरेखाली मागावर उभं केलं. पुढे धोट्याचे जुने माग भंगारात गेले, नवी यंत्रं आली आणि लोटू घरी बसला. बसला म्हणजे काय, आवासाच्या तोंडाशी पत्र्याची शेड घालून दुचाक्या दुरुस्त करू लागला. बायको भागीरथी, लेक धनश्री लग्न होऊन नंदुरबारला, मुलगा नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचं राज्य म्हणजे ती शेड, त्यातले पान्हे आणि मागाच्या चामडी पट्ट्याचे जुने तुकडे. ते तुकडे त्याने भंगारवाल्याशी भांडून आणले होते.

भटू तिथून दोन इमारती सोडून राहायचा. अठरा वर्षं हे दोघे भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

कारण साऱ्या वसाहतीला ठाऊक होतं. मागावरचा धोटा, आडवं सूत नेणारा टोकदार ठोकळा, उडाला आणि भटूच्या डाव्या डोळ्यात बसला. डोळा गेला. चूक कुणाची, यावर दोन भावांची दोन तोंडं झाली. लोटू म्हणे, मी माग बंद ठेवायला सांगितला होता, यानेच चालू केला. भटू म्हणे, यानेच मला चालू करायला लावला. फिटर लोटू, तेव्हा शेठचा विश्वास लोटूवर. थोरला लोटू, तेव्हा आईचाही विश्वास लोटूवर. भटूचा डोळा गेला, काम गेलं, आणि वर बेपर्वा म्हणून नाव झालं ते वेगळंच. पुढे तो कापडाच्या एका गोदामावर राखणदार म्हणून चिकटला. वर्षभरात आई गेली. ती भटूकडेच राहत होती, म्हणून तिची कानबाई भटूच्या घरी राहिली.

कानबाई म्हणजे खानदेशातल्या घराघरातली देवी, नारळाच्या रूपातली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, तिला रोटांचा, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्यांचा, नैवेद्य असतो, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे. या भावांच्या घराण्याची रीत अशी की, देवी बसण्याआधी रोटांच्या गव्हासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजायची. पहिली मूठ थोरल्याची. ज्याच्या नावाची मूठ पडली तो घरातला. आई गेल्यापासून भटू दर श्रावणात देवी गावी घेऊन जायचा आणि मोजणी स्वतःच्या नावापासून सुरू करायचा. सतरा श्रावण लोटूची मूठ पडली नव्हती. भागीरथी त्या रविवारी चूल पेटवायची नाही, आणि लोटू त्या दिवशी गिऱ्हाइकांवर एरवीपेक्षा जास्त ओरडायचा.

यंदा कानबाईच्या रविवारला चार दिवस होते, बुधवारची सकाळ होती, आणि शेडसमोर भटूचा मुलगा ललित गाडी घेऊन उभा राहिला.

मोटरसायकल जुनीच, पण लांबच्या पल्ल्याची, जड, रुंद बैठकीची. ललितने ती कुणा हौशी डॉक्टरकडून घेतली होती. मागे सामानाची मोठी पेटी होती, आणि ती पेटी दोरीने आवळलेली होती. दोरी पाहूनच लोटूच्या कपाळावरची शीर उठली.

“आबा, पेटी हालस,” ललित म्हणाला. चुलत्याच्या शेडमध्ये तो जन्मात पहिल्यांदा आला होता.

“तुना बापले माहीत शे, तू आठे उना ते?”

“नही.”

“तीन गॅरेज पालथा घालीसन उना व्हशी.”

ललितने मान हलवली. एकाने रबर घातलं, दुसऱ्याने मोठे बोल्ट घातले, तिसऱ्याने दोरी बांधली. काल अमरोलीच्या पुलावर पेटी अशी कलली, की मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून थांबवलं. आणि उद्या पहाटे निघायचं होतं. ललितची आई पुढेच गावी गेली होती. ललितच्या मागे वडील बसणार होते, आणि पेटीत कानबाई.

“तिसराले इचारं नही, दोरीवर सत्तर कोस जाई का म्हनीसन?”

ललित दोरीची गाठ सोडू लागला.

“काय सांगं त्यानी?”

“सांगं ना, आबा. चाली जशे.”

पुढचा पाव तास त्या शेडमधून जे बाहेर पडलं ते लिहिण्यासारखं नाही. तीन गॅरेजवाल्यांचा, त्यांना काम शिकवणाऱ्यांचा, त्यांना गाडी देणाऱ्या गाढवांचा, सगळ्यांचा नंबर लागला. पण लोटूचं तोंड एकीकडे आणि हात दुसरीकडे, ही त्याची पहिल्यापासूनची खोड. शिव्या संपायच्या आत पेटी खाली उतरली होती. तिच्या खालच्या लोखंडी पाट्याची भोकं झिजून लांबट झाली होती, आणि त्या लांबट भोकांत मोठे बोल्ट कोंबले होते. बोल्ट घट्ट, पाटा सैल.

“हालनारी चीज लोखंडवर लोखंड ठीसन आवळानी नही,” तो ओरडला. “माग कितला हालस, तठे काय घालतस? चामडं.”

त्याने नवी भोकं पाडली, मागाच्या पट्ट्याचे चार तुकडे कापून पाट्याखाली घातले, न सुटणारे नट लावले. मग पेटी वर बसवली, तिच्या कुलपात किल्ली फिरवली आणि दोन्ही हातांनी हिसके दिले. गाडी हलली, पेटी नाही. त्याने हाताचा तळवा पेटीवर ठेवला आणि ललितला गाडी सुरू करायला लावली. कान गेल्यापासून तो असाच ऐकायचा. तळव्याला काही लागलं नाही.

“दहा वरीस हालनार नही,” लोटू म्हणाला. “हालनी तर नाव बदली टाकजो मनं.”

आजूबाजूला पाच-सात माणसं जमली होती, त्यांनी ते ऐकलं. ऐकतीलच, त्या आवाजात.

दुपारी चारला गाडी परत आली. ललित पुढे, भटू मागे बसलेला, आणि भटूचा एक हात पाठीमागे वळवून पेटीवर दाबून धरलेला. पेटी पुन्हा डुलत होती. देवी, तिचे दागिने, पातळ, सगळं पेटीत ठेवून बापलेक एक फेरी मारून पाहायला निघाले होते, आणि पहिल्याच गतिरोधकाला पेटी मागून उचलली गेली.

लोटूच्या अंगाचा भडका उडाला. भावाला समोर पाहून उडाला, की सकाळचे बोल पाच-सात माणसांसमोर त्याच्याच तोंडावर आपटले म्हणून, हे सांगणं कठीण. तो भावाशी बोललाच नाही. सरळ पाट्याखाली वाकला. नट जागच्या जागी, चामडं जागच्या जागी, पाटा तसूभर हलत नाही. मग पेटीच कशी हलते? त्याने पेटीच्या मागे पाहिलं, कुलपाला हात लावला, आणि त्याला कळलं.

ती पेटी किल्लीवर बसायची. किल्ली फिरवली की झाकणाला कुलूप लागायचं आणि आतून कडीही सरकायची, आणि ती कडीच पेटीला पाट्याशी धरून ठेवायची. किल्ली नाही फिरवली तर पेटी बसल्यासारखी नुसती दिसायची. सकाळी लोटूने स्वतः किल्ली फिरवून पाहिली होती. आता कुलूप उघडं होतं.

“कुलूप काबरं नही लावं?” त्याने ललितला विचारलं.

ललितने बापाकडे पाहिलं. भटूने उत्तर दिलं, तेही ललितकडे पाहून. “त्याले सांग. देवीले कोंडतस नही. मायनी सांगेल शे.”

खरंच होतं ते. त्यांच्या आईचा दंडक होता, कानबाईला कुलपात ठेवायचं नाही. कोनाड्याला पडदा चालेल, दार चालेल, कडीकुलूप चालणार नाही. लोटूला तो ठाऊक होता, पण सकाळी पेटी रिकामी होती आणि त्याला त्याची आठवण झाली नव्हती.

“याले सांग,” लोटू ललितकडे पाहून ओरडला, “कुलूप लावनार नही तर पेटी उडी. कोंडाईबारीना घाटमा उडी, अन् हाऊ मांगे बठेल ऱ्हाई तो बी उडी.”

“त्याले सांग, कुलूप लागनार नही.”

दोन म्हाताऱ्यांच्या मधे तो सव्वीस वर्षांचा पोरगा निरोप्या होऊन उभा होता, आणि दोघेही एकमेकांपासून दोन हातांवर. लोक जमत होते. भागीरथी शेडच्या दारात येऊन उभी राहिली. ललितला सगळ्याचा वीट आला असावा. तो सहज म्हणाला, “जाऊ दे आबा. दोरी बांधी लेस मी परत. चाली जशे.”

लोटूच्या हातातला पान्हा शेडच्या पत्र्यावर जाऊन आदळला.

“चाली जशे?” तो ओरडला. “कोन म्हने चाली जशे? मी म्हनेल शे. मी. चौदा नंबरना मागवर. धोटा उडस म्हनीसन हाऊ सकायपासून सांगी ऱ्हायंता. मी एक नट आवळा अन् सांगं, चाली जशे, चालू कर. यानी नही चालू करा. मी करायले लावा.”

 लोटूला आपण काय बोललो ते कळायला थोडा वेळ लागला, कारण आपला आवाज त्याला नेहमीच उशिरा आणि अर्धवट पोचायचा. भागीरथीच्या चेहऱ्याकडे पाहून कळलं. ती अठरा वर्षं जाऊबाईशी भांडत आली होती, नवऱ्याच्या बाजूने, छातीठोक.

भटू गाडीवरून उतरला. आता तो ललितकडे पाहून बोलला नाही.

“माय गयी,” तो म्हणाला, “ती मले बेपर्वा समजीसन गयी.”

“हां.”

“तू तिना उशाले बठेल व्हता. शेवटला दिन. तव्हय बी सांगं नही.”

“नही सांगं.”

भटूने हात उगारला. लोटू जागचा सरकला नाही. हात तसाच थोडा वेळ वर राहिला आणि मग खाली आला. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं लोटूला वाटलं, आणि भटूलाही ते कळलं असावं, म्हणूनच त्याने मारलं नाही.

“पेटी नीट कर,” भटू म्हणाला. “कुलूप न लावता नीट कर. तुले येस ना सगळं?”

लोटूने खाली पडलेला पान्हा उचलला. पेटीत भोक पाडायचं तर आधी देवी बाहेर काढायला हवी होती. भटूने पेटीचं झाकण उघडलं, पातळात गुंडाळलेला नारळ उचलला, आणि इकडेतिकडे पाहिलं. जमिनीवर ठेवता येत नाही, परक्याच्या हातात देता येत नाही. भागीरथीने पदर पुढे केला. भटू घटकाभर थांबला. मग त्याने देवी वहिनीच्या पदरात दिली. सतरा श्रावणांनी तिच्या ओटीत कानबाई आली आणि ती बाई नवऱ्याकडे ढुंकूनही न बघता शेडबाहेर जाऊन सावलीत बसली. त्या दिवशी ती त्याच्याशी पुढेही बोलली नाही.

लोटूने पेटीच्या तळातून आरपार चार भोकं पाडली, आतून-बाहेरून चामडं घातलं, आणि पेटी कडीच्या भरवशावर न ठेवता सरळ पाट्याला नटांनी जखडली. झाकणाचं कुलूप काढून टाकलं आणि तिथे एक साधा आकडा बसवला, बोटाने उघडणारा. काम करताना तो एकदाही ओरडला नाही. वसाहतीत असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि बघ्यांना ते त्याच्या ओरडण्यापेक्षा जड वाटत होतं.

“हालाव,” काम झाल्यावर तो भावाला म्हणाला.

भटूने पेटी दोन्ही हातांनी धरली आणि हलवली. मग पाय रोवून हलवली. मग असा पिसाळल्यासारखा हिसडे देत सुटला, की गाडी स्टँडवरून पडेल म्हणून ललितने हँडल धरलं. अठरा वर्षांचं सगळं त्या पेटीवर निघत होतं. पेटी हलली नाही. दम लागल्यावर भटूने ती सोडली आणि घाम पुसला.

“सकाय मी वहिनीसंगे रेलगाडीवर जास,” तो म्हणाला. “ललितना मांगे तू बठ. पेटी तू बठाडी ना, मंग तिले पाठ बी तूच लाव. अन् गावमा भाऊबंद मोजाले बठतीन तव्हय, आठे जे बोलना ते तठे बोल. इतलाच मोठा आवाजमा.”

लोटू पान्हे गोळा करू लागला. पहाटे पाचला मात्र तो कानटोपी घालून गाडीपाशी उभा होता.

चलथाण गेलं, कडोदरा आलं. जिथे त्यांचा कारखाना होता तिथे आता टाइल्सचं दुकान होतं, आणि ललितने मागे वळून विचारलंही नाही. लोटू पाठ ताठ करून बसला होता, पेटीला पाठ टेकवून. सोनगड, नवापूर, प्रत्येक गतिरोधकाला तो श्वास धरायचा. पाठीला काही लागत नव्हतं. पेटी घट्ट होती, काम चोख होतं, आणि त्या चोख कामाचा त्याला रागच येत होता. इतकंच करायचं होतं. त्या दिवशीही इतकंच करायचं होतं. माग अर्धा तास बंद ठेवायचा, शेठच्या दोन शिव्या खायच्या, चार नट नीट आवळायचे. एवढ्या अर्ध्या तासासाठी त्याने भावाचा डोळा घालवला आणि मग स्वतःचं तोंड वाचवायला त्याचं नावही घालवलं. कोंडाईबारीच्या घाटात गाडी वळणं घेत होती आणि लोटू हेल्मेटवाल्या पुतण्याच्या पाठीमागे स्वतःला शिव्या देत होता. सगळ्या गिऱ्हाइकांना मिळून दिल्या नसतील इतक्या.

गावी संध्याकाळी ओसरीवर भाऊबंद जमले. भटू आणि भागीरथी दुपारीच पोचले होते. मध्ये गव्हाची परात, शेजारी सूप, आणि परातीमागे भटू. दरवर्षी तो बसल्याबरोबर स्वतःचं नाव घ्यायचा आणि मूठ टाकायचा. आज त्याने गव्हात हात घातला आणि तसाच ठेवला. नाव घेतलं नाही. माणसं एकमेकांकडे बघू लागली. एका चुलत्याने विचारलं, “काय व्हयनं रे, भटू?”

लोटू खांबाशी उभा होता. त्याला त्या सगळ्यांचा राग आला, परातीचा, त्या चुलत्याचा, भावाच्या त्या थांबलेल्या हाताचा. मग त्याने तोंड उघडलं आणि सांगितलं. चौदा नंबरचा माग, एक नट, तो एक शब्द, आणि आईच्या उशाशी बसून केलेली मुकी चोरी. त्याला हळू बोलता येतच नव्हतं, त्यामुळे ओसरीच काय, गल्लीतल्या सहा घरांनी ते ऐकलं. पलीकडच्या घरातलं दळण थांबलं. कुणीतरी म्हणालं, “जाऊ दे लोटू, व्हई गयं ते.” त्याच्यावर लोटू खेकसला, “जाऊ काबरं देवो?”

चुलत्याने सूप भटूपुढे सरकवलं.

भटूने परातीतून भरली मूठ वर काढली. गव्हाचे दाणे बोटांच्या फटींतून परत परातीत पडत होते. तो लोटूकडे एका डोळ्याने बघत राहिला.

“मना राग गया नही,” तो म्हणाला. “जाई बी नही.”

“माहीत शे.”

“हाई मूठ लोटूनी,” भटू म्हणाला, आणि मूठ सुपात टाकली.

एक झाली. रीतीप्रमाणे वर पाव मूठ टाकायची राहिली होती. भटूने पुन्हा हात गव्हात घातला आणि तो बराच वेळ बाहेर काढला नाही. सगळे थांबले. लोटूही खांबाला धरून थांबला, आणि त्याच्या तळव्याला तो खांब थरथरल्यासारखा लागत होता. मग भटूने पाव मुठीपेक्षा चिमूटभर जास्तच असतील असे दाणे उचलले आणि सुपात टाकले.